पंचनाम्यात काळी मूठ, पाकिटात तपकिरी: गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयात २२ वर्षं फौजदारी वकिली करते आहे. राहायला रास्ता पेठेत. नाना पेठ आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. १ सप्टेंबर २०२४ च्या रात्री तिथे एका माजी नगरसेवकावर गोळ्या झाडल्या, कोयत्यानं वार केले. वर्षभरानं, ५ सप्टेंबर २०२५ ला, त्याच पेठेत कॉलेजात जाणाऱ्या एका पोराला राहत्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गोळ्या घालून मारलं. त्याआधी ५ जानेवारी २०२४ ला कोथरूडच्या सुतारदऱ्यात भर दुपारी असाच खून झाला होता. आमच्या गल्लीतल्या बायका आता मोठ्या मुलांनाही क्लासवरून आणायला स्वतः जातात. मीही जाते. तेव्हा आरोपींच्या वकिलानं आरोपींची बाजू मांडलेलं पत्र म्हणून कृपया हे बाजूला ठेवू नका. बंदुकीची भीती मलाही वाटते.

एक जुनी केस सांगते. नावगाव सांगत नाही. फिर्याद नेहमीच्याच वाक्यानं सुरू होत होती: 'गस्त घालीत असताना गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाली की, एक इसम...' इसम मिळाला, अंगझडती झाली, पँटच्या कमरेला डाव्या बाजूला खोचलेलं गावठी बनावटीचं पिस्तूल आणि दोन जिवंत काडतुसं निघाली. पंच दोन. एक साक्षीला आलाच नाही. दुसऱ्यानं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं की, मी सह्या चौकीत केल्या, झडती पाहिली नाही. सरकारी वकिलांनी त्याला फितूर ठरवून घेतलं. मग मुद्देमालाचं पाकीट उघडलं. लाखेचं सील अर्धं गळून गेलेलं. पंचनाम्यात पिस्तुलाची मूठ काळी लिहिलेली, पाकिटातून निघालेल्या पिस्तुलाची मूठ तपकिरी. न्यायाधीशांनी ते हातात घेतलं, खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिलं, पुन्हा पंचनामा वाचला आणि काही न बोलता खाली ठेवलं. त्यात भर म्हणून, असा खटला चालवायला शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे जी पूर्वपरवानगी लागते, तिच्यावर तारीखच नव्हती.

माझं अशील निर्दोष सुटलं. त्याच्या आईनं जिन्यात माझे पाय धरले. ते पिस्तूल त्याच्याकडे खरंच होतं की नव्हतं, हे मला आजही ठाऊक नाही. कोर्टालाही ते कळू शकलं नाही. होतं असेल, तर बंदूक बाळगणारा माणूस पुन्हा आमच्याच पेठेत फिरतोय. नसेल, तर एका निरपराध पोराची चौदा महिने येरवड्यात गेली. त्या दिवशी घरी जाताना मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

महोदय, पुण्यात पिस्तूल सापडल्याची बातमी जवळपास रोज असते. टेबलावर ओळीनं मांडलेली पिस्तुलं, मागे उभं पथक, असा फोटो येतो. तो फोटो निघाल्यावर दोन-तीन वर्षांनी त्या पिस्तुलांचं कोर्टात काय झालं, हे कुणी विचारत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं बेकायदा बंदूक बाळगण्याची किमान शिक्षा २ वर्षं आणि कमाल ५ वर्षं केली. बेकायदा बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला तर किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. कायदा पुरेसा कडक आहे. तो लागू व्हायला आधी गुन्हा शाबित व्हावा लागतो आणि आमच्याकडे घोडं तिथेच पेंड खातं. नुसता ताबाही पुरत नाही, तो जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७२ सालीच सांगून ठेवलंय. एवढं सगळं त्या पाच-सहा पानांच्या पंचनाम्यावर उभं राहतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं. मला फार बरं वाटलं होतं. खरं बोलणाऱ्या हवालदारालाही याचा आधार होणार होता, कारण उलटतपासात आम्ही त्याला खोटं ठरवायला जातो तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. पण माझ्या हाती आलेल्या काही प्रकरणांत चित्रीकरण सुरू होतं तेव्हा पिस्तूल आधीच पंचांसमोर मांडून ठेवलेलं असतं. ते कमरेतून निघताना दिसतच नाही. मग त्या व्हिडिओचा उपयोग काय? इसमाला थांबवल्यापासून कॅमेरा चालू हवा आणि त्याची प्रत आरोपीला आरोपपत्राबरोबर मिळायला हवी. आज ती मागायला आम्हाला अर्ज करावे लागतात.

आता धिंडीबद्दल. मला माहीत आहे, लोकांना ती आवडते. टोळीतल्या पोरांना त्यांच्याच वस्तीतून हात बांधून फिरवलं, त्यांनी कान धरून माफी मागितली, की खालच्या कमेंटमध्ये पोलिसांवर फुलं उधळली जातात. ज्यांची दुकानं फोडली, गाड्या जाळल्या, त्यांचा राग मी समजू शकते. पण तपासाच्या बाजूनं पाहा. गोळीबार करणाऱ्याला साक्षीदारानं ओळख परेडमध्ये ओळखायचं असतं. त्याआधी आरोपीचा चेहरा साक्षीदाराला दिसू नये, म्हणून तर त्याला चेहरा झाकून नेतात. तोच चेहरा गल्लोगल्ली फिरवला, मोबाइलवर लाखो लोकांनी पाहिला, की ती ओळख परेड आमच्यासारखा वकील दोन प्रश्नांत निकालात काढतो. म्हणजे ज्याला धडा शिकवायला फिरवलं, त्यालाच सुटायचं कारण पोलिसांनी स्वतःच्या हातानं दिलं.

आणि चुकीचा माणूस असेल तर? माझ्याकडे सतरा वर्षांचा एक मुलगा आला होता. भांडण झालं तेव्हा तो तिथे होता, एवढंच. त्याला इतरांबरोबर वस्तीतून चालवलं. अल्पवयीन मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्यानं बंदी आहे, तरी व्हिडिओ अजून फिरतोय. पुढे त्याच्यावर आरोपपत्रसुद्धा दाखल झालं नाही. त्याच्या वडिलांचं भाजीचं दुकान आहे. ते मला म्हणाले, 'मॅडम, केस मिटली हो, पण गिऱ्हाईक अजून त्याच्याकडे बघून पाकीट सांभाळतंय.' पोरगा आता दुकानात बसतच नाही. त्याला बारावीत बसवायला किती समजवावं लागलं, ते मीच जाणते.

एमपीडीएबद्दलही बोलायला हवं. १९८१ च्या या कायद्यानं माणसाला खटला न चालवता वर्षभर स्थानबद्ध करता येतं. असा कायदा कधीच नको, असं मी म्हणत नाही. साक्षीदार घाबरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण या प्रस्तावांना जोडलेले गोपनीय साक्षीदारांचे जबाब वाचा, 'साक्षीदार अ' आणि 'साक्षीदार ब'. प्रसंग वेगळा, तारीख वेगळी आणि वाक्यं मात्र शब्दशः तीच: कोयता काढून हवेत फिरवला, 'मी इथला भाई आहे' म्हणाला, खिशातले पैसे काढून घेतले, लोक दुकानं बंद करून पळाले. असे आदेश उच्च न्यायालयात टिकत नाहीत. उशीर झाला, कागद आरोपीला समजणाऱ्या भाषेत दिले नाहीत, वैयक्तिक भांडणाला सार्वजनिक सुव्यवस्थेचा प्रश्न म्हटलं, अशा कारणांनी ते रद्द होतात आणि तो माणूस दुप्पट मिजाशीत वस्तीत परततो. साक्षीदाराला खरोखर संरक्षण द्यायचं तर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं मंजूर केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. माझ्या २२ वर्षांत माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या एकाही साध्या पंचाला, रिक्षावाल्याला किंवा चहावाल्याला तिची माहिती नव्हती.

पुणेकरांना हे सगळं सांगायची गरज नसावी. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. सुरुवातीला ज्या दोघांना पकडलं, त्यांच्यावर ९० दिवसांत आरोपपत्रच दाखल झालं नाही आणि ते जामिनावर सुटले. खऱ्या मारेकऱ्यांना शिक्षा झाली ती १० मे २०२४ ला, जवळपास अकरा वर्षांनी. दोघांना जन्मठेप, तिघे पुराव्याअभावी निर्दोष, आणि सूत्रधारापर्यंत तपास पोहोचला नाही असं खुद्द न्यायालयानं म्हटलं. मी त्या पुलावरून आजही जाते. पहिल्या काही महिन्यांत तपास धडपणे झाला असता तर काय झालं असतं, हा विचार तिथे प्रत्येक वेळी मनात येतो.

परवान्यांचा विषय वेगळा आहे, पण दुखणं तेच. आपल्या देशात बंदूक बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या चौकटीत का होईना, तो मागितला होता, कारण इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यानं सगळा देश निःशस्त्र केला होता. पुढे राज्यघटनेत तो आला नाही आणि माझ्या मते ते योग्यच झालं. पण हक्क नसला, तरी परवाना द्यायचा की नाकारायचा हे कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. नाकारला तर कारण लेखी नोंदवायचं, रद्द केला तरी लेखी, आणि त्यावर अपील. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यातल्या अशाच एका अपिलावरून राज्यभर गदारोळ झाला. मी त्या प्रकरणाच्या खोलात जात नाही. माझं म्हणणं एवढंच की, पोलीस आयुक्तांनी नाकारलेला परवाना शासन अपिलात देऊ करत असेल, तर तो का, हे आम्हाला वाचायला मिळालं पाहिजे. नावं झाका हवी तर. वर्षभरात किती अर्ज आले, किती नाकारले, किती अपिलात फिरले आणि कोणत्या कारणानं, हे संकेतस्थळावर टाकायला काय हरकत आहे?

दुसऱ्या टोकाला आमच्या शेजारचे काका आहेत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि लक्ष्मी रस्त्यावर एका सराफाच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन उभे राहतात. बंदूक आहे म्हणून नोकरी आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि काही दिवसांत नोटीस आली: शस्त्र जमा करा. का, त्यांच्याविरुद्ध काय आहे, एक ओळ नाही. सरसकट शस्त्रं जमा करून घेऊ नका, प्रत्येकाची छाननी करा, असं मुंबई उच्च न्यायालयानं केव्हाच सांगितलंय आणि त्यासाठी छाननी समित्याही नेमल्या जातात. काकांनी मला काही विचारलं नाही, मुकाट्यानं पावती घेऊन आले. एजन्सीनं तेवढ्या दिवसांचा पगार कापला. बंदूक परत मिळाली त्या दिवशी ओट्यावर पेपर पसरून ते नळीतून तेलाचा बोळा ओढत बसले होते. बोळा तांबडा होऊन बाहेर आला. 'गंज चढलाय,' म्हणाले, 'फौजेत असं ठेवलं असतं तर शिक्षा झाली असती.' दिवाळी त्याच दिवसांत येऊन गेली होती. त्यांनी नातवाला कपडे घेतले नव्हते.

कागदावरच्या बंदुकांवर अशी नजर ठेवणं सोपं असतं, कारण मालकाचा पत्ता माहीत असतो. गुन्ह्यांत वापरली जाणारी पिस्तुलं येतात दुसरीकडून. जळगावच्या सीमेला लागून मध्य प्रदेशातलं उमर्टी गाव या धंद्यासाठी कुप्रसिद्ध आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. त्याबद्दल मी त्यांचं मनापासून कौतुक करते. इतक्या लांब मुळाशी जाऊन केलेलं असं काम मी फार कमी पाहिलंय.

म्हणूनच त्या तपकिरी मुठीच्या पिस्तुलाची आठवण पुन्हा काढते. त्या केसची फाईल मी अजून ठेवली आहे. फिर्याद, पंचनामा, अटक फॉर्म, तज्ज्ञाचा अहवाल, सगळं आहे. ते पिस्तूल कुणी बनवलं, कुणी पुण्यात आणलं, किती पैशांना विकलं, हे शोधल्याचा एक कागद त्यात नाही. विक्रेता म्हणून कुणाचं नाव नाही, फोनचे तपशील काढल्याची नोंद नाही. तपास त्या पोराच्या कमरेशी सुरू झाला आणि तिथेच संपला. निकालाच्या शेवटच्या ओळीत मुद्देमाल अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा असं लिहिलंय. आतापर्यंत तो नष्टही झाला असेल. ज्यानं तो विकला, त्यानं त्यानंतर आणखी किती विकले असतील?

महोदय, तो एक कागद यापुढे पिस्तुलाच्या प्रत्येक आरोपपत्रात असावा, असा लेखी आदेश आपण काढावा, ही माझी विनंती.

आपली नम्र,
शिवाजीनगर न्यायालयातली एक वकील
रास्ता पेठ, पुणे