सहीची शेपटी

डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँड लावूनही बाबांना पुन्हा रक्ताची उलटी झाली, तेव्हा ‘टिप्स’ करावं लागेल आणि ते रेडिओलॉजीवाले करतील, असं कळलं. आम्हाला रेडिओलॉजी म्हणजे सोनोग्राफी आणि एक्स-रे, एवढंच ठाऊक.

तुम्ही औषधांच्या बिलाच्या पाठीवर मुठा नदी काढलीत. ‘खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो ना? तसंच आहे. सिरॉसिसने लिव्हर कडक झालंय, पोर्टल व्हेनमधलं, म्हणजे आतड्याकडून लिव्हरकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतलं, रक्त पुढे सरकत नाही. मग ते अन्ननलिकेतल्या बारीक शिरांमधून वाट काढतं, आणि त्या फुटतात. आपण लिव्हरच्या आतूनच बायपास काढू, तेच टिप्स.’ (बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. सिरॉसिस म्हटलं की नातेवाईक मात्र तेच विचारत. मधुमेह आणि फॅटी लिव्हर, हे तुम्ही काकांना शांतपणे समजावलंत, त्याचे वेगळे आभार.)

मानेतल्या शिरेतून तार हृदयाच्या उजव्या कप्प्यातून खाली लिव्हरपर्यंत नेलीत, स्क्रीनवर बघत सुईने पोर्टल व्हेन गाठलीत, फुग्याने वाट रुंद करून स्टेंट बसवलात. या नव्या वाटेच्या दोन्ही टोकांच्या दाबातला फरक २१ मिमी पाऱ्यावरून ९ वर आला. १२ च्या खाली हवा होता. पोटावर एक टाका नाही, मानेवर फक्त पट्टी.

पण खरे आभार डिस्चार्जच्या वेळच्या पाच मिनिटांचे. आतड्यातून आलेलं रक्त आता लिव्हरला वळसा घालून जाणार, त्यातला अमोनिया मेंदूपर्यंत पोचू शकतो, पेशंट भ्रमल्यासारखा वागतो, असं तुम्ही सांगितलंत. ‘रोज सकाळी कॅलेंडरवर सही घ्या.’ बाबा बँकेतले. सहीची शेपटी लांब, वळणदार. एकोणिसाव्या दिवशी शेपटी गायब, अक्षरं एकमेकांवर चढलेली. रात्रभर जागे, दिवसा पेंगत होते, चहात मीठ घालत होते. हात पुढे करायला सांगितला तर पंजा फडफडत होता. दोन दिवस पोट साफ नव्हतं, आणि पोट साफ ठेवणारं लॅक्ट्युलोज सिरप गोड लागतं म्हणून ते गुपचूप बेसिनमध्ये ओतत होते! तुम्ही रविवारी फोन उचललात, लगेच ॲडमिट करून घेतलंत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला नावाने हाक मारली.

परवाच्या डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) स्टेंट व्यवस्थित वाहतोय. लॅक्ट्युलोज आता आई समोर उभी राहून देते.

खाली सही बाबांची आहे. शेपटी तपासून घ्या.