सूचना : शुक्रवारची चार विभागांची एकत्र बैठक

अभियांत्रिकी, लोकशाही सिद्धांत, कल्याणकारी धोरण आणि रेण्वीय जीवशास्त्र या विभागांचे संशोधक शुक्रवारी एकत्र बसणार आहेत. प्रत्येकाला दहा मिनिटं. घंटा वाजली की थांबायचं.

येण्याआधी फ्रेंच गणिती कॉन्दोर्सेचं १७८५ मधलं मतदानाचं कोडं कागदावर मांडून बघाच. तीन मतदारांचे पसंतिक्रम घ्या : अ-ब-क, ब-क-अ, क-अ-ब. बहुमताने अ हा ब ला हरवतो, ब हा क ला आणि क परत अ ला! कोणती योजना आधी राबवायची, कोणता आराखडा निवडायचा, तिथेही समितीपुढे हाच पेच पडू शकतो.

जीवशास्त्रवाल्यांनी (दरवेळचंच गाऱ्हाणं) परिभाषा आवरावी. ‘पीसीआरच्या (प्रयोगशाळेत डीएनएच्या प्रती काढायच्या पद्धतीच्या) दर फेरीत डीएनए साधारण दुप्पट होतो’ एवढ्यावर काम भागतं.

गोषवारे बुधवारपर्यंत पाठवा. उशिरा आलेले छापले जाणार नाहीत.