पिठाची जाहिरात पुढे ढकलू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज या अमेरिकी गायक-वादक जोडीच्या जुन्या टीव्ही कार्यक्रमावरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा हौसेने, कारण अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्याबद्दल मराठी पेपरात कोण कशाला लिहितंय! दुसऱ्यांदा वाचला तो पहिल्यांदा वाचलं तेच खरोखर छापलंय ना, हे बघायला. तेच छापलंय. ‘डीव्हीडी मिळाल्या तर मधल्या पिठाच्या जाहिराती न बघता पुढे ढकलाव्यात, त्यांनी निव्वळ रसभंग होतो,’ असा सल्ला लेखकमहाशयांनी दिला आहे. वर ‘पुरस्कर्त्याच्या गोणीखाली कला दबली’ असंही एक वाक्य टाकलंय. वाक्य झकास आहे. खरं नाही, एवढंच.

आधी किरकोळ गोष्ट. फोटोत बँजो घेतलेल्या गृहस्थांना आपण लेस्टर फ्लॅट करून टाकलंत. फ्लॅट गिटार वाजवायचे आणि गायचे. बँजो अर्ल स्क्रग्ज यांचा. उजव्या हाताच्या तीन बोटांनी बँजो वाजवण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती लोकांनी यांचं ऐकूनच उचलली. भीमसेनजींच्या फोटोखाली तबलजीचं नाव छापलं असतंत तर एव्हाना आपल्या कचेरीचा फोन वाजून वाजून थकला असता. अमेरिकेतल्या नॅशव्हिलहून कोणी फोन करणार नाही म्हणून मी लिहितेय.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पीठ.

माझी लेक टेनेसीत असते, नॅशव्हिलपासून पाऊण तासावर. काही वर्षांपूर्वी होळीला मी तिथे होते. अकरा माणसं जेवायला. पुरणपोळीचा हट्ट जावईबापूंचा, आणि हौस माझी. मी पोळीला नेहमी निम्मी कणीक, निम्मा मैदा घेते. घरातला मैदा संपलेला, म्हणून लेकीने कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढऱ्या पिठाची एक पिशवी आणून दिली. पिशवीवर ठळक अक्षरांत काय लिहिलंय ते ना तिने वाचलं, ना मी. पीठ ते पीठ. कणीक भिजवली, तेल लावून तिंबली आणि झाकून ठेवली दोन तास.

झाकण काढलं तर कणीक फुगून वर आलेली, बोट लावलं की इडलीच्या पिठासारखी फसफसतेय. म्हटलं, हवा वेगळी असेल. उंडा घेऊन पुरण भरलं तर तोंड मिटेना. ताण म्हणून नाहीच पिठाला, लाटायला गेले की कडा फाटताहेत. कशीबशी पहिली पोळी तव्यावर टाकली. ती जागच्या जागी बोटभर जाड झाली, मधोमध तडकली, आणि त्या तड्यातून पुरण तव्यावर येऊन करपलं. चव घेतली तर खारट! पुरणपोळी, आणि खारट. पस्तीस वर्षं होळीला पोळ्या केलेल्या बाईची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल, ते आपल्या घरातल्या बायकांना विचारा. जावई बिचारे सज्जन. एक तुकडा मोडून म्हणाले, “आई, छान झालंय. हे घावन आहे का?” शेवटी अकराही जणांनी पुरण वाटीत घेऊन दुधाबरोबर खाल्लं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, पूर्व टेनेसीच्या डोंगरातल्या. ओट्यावरची पिशवी पाहिली आणि हसत सुटल्या. ते सेल्फ रायझिंग फ्लोअर होतं. म्हणजे पिठात बेकिंग पावडर आणि मीठ गिरणीतच मिसळलेलं. पाणी लागलं की फुगायला सुरुवात, आच लागली की उरलेलं काम. त्यातून गहूसुद्धा मऊ जातीचा, त्याला चिकटपणा कमी. तिकडची बिस्किटं, म्हणजे आपला पारलेचा पुडा नव्हे, गरम गरम जाड मऊ पावासारखी असतात ती, अशाच पिठाची करतात. पोळीला ते पीठ म्हणजे लग्नात बाराव्याचा स्वयंपाक. चूक माझी. पिशवी कुठल्या कंपनीची होती ते आठवत नाही आणि आठवलं तरी सांगणार नाही, कारण पीठ चांगलंच होतं. पुढच्या आठवड्यात आजींनी त्याचीच बिस्किटं करून दाखवली. कापसासारखी.

बिस्किटं भट्टीत असताना त्यांनी ही डीव्हीडी लावली. काळं-पांढरं चित्र, हॅटा घातलेली, गळ्याला बारीक फीत बांधलेली माणसं, एका माइकपुढे येतात, वाजवतात, मागे सरकतात, दुसरा पुढे येतो. कोणी कोणाला धक्का देत नाही. आमच्याकडे भजनी मंडळात माइकवरून काय होतं ते मी इथे लिहीत नाही. आणि मधेच टी. टॉमी कट्रर नावाचे निवेदक मार्था व्हाइट कंपनीच्या पिठाचं गुणगान सुरू करतात. त्यात ‘हॉट राइज’ आहे, म्हणून ते फुगतं. हॉट राइज म्हणजे काय, तर तेच, गिरणीत मिसळलेलं फुगवणारं द्रव्य! मी ताडकन उठून बसले. माझी होळी कशाने बुडाली ते एक माणूस साठेक वर्षांपूर्वी टीव्हीवर सांगून गेला होता. आणि आपले लेखक म्हणतात, तेवढं पुढे ढकला.

आजी म्हणाल्या, त्यांच्या आईकडे घड्याळापेक्षा रेडिओ खरा. १९५३ पासून नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर पहाटे पावणेसहाला फ्लॅट-स्क्रग्ज यांचा कार्यक्रम लागायचा. त्याचं नावच ‘बिस्किट टाइम’. पैसे मार्था व्हाइटचे. बँजो सुरू झाला की आई पिठात हात घालायची. आता सांगा, यात कला कोणती आणि जाहिरात कोणती? वेगळी करून दाखवा. मला तर जात्यावरच्या ओव्या आठवल्या. तिथे कोणी म्हणतं का, की दळणामुळे गाण्याचा रसभंग होतो?

राहिला ‘दबली’ हा शब्द. १९५५ मध्ये टीव्हीवरचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा चित्रफितीची सोय नव्हती. प्रत्येक गावच्या केंद्रावर जाऊन प्रत्यक्ष वाजवावं लागे. टेनेसी, जॉर्जिया, वेस्ट व्हर्जिनिया असं करत आठवड्याला २५०० मैलांच्या आसपास मोटार हाकत होती ही मंडळी, वाद्यं आणि माणसं एकत्र कोंबून. पिठाच्या कंपनीने पाठीशी उभं राहायचं ठरवलं नसतं तर यांना इतक्या गावांत कोणी पाहिलं असतं? आणि ग्रँड ओल ऑप्री हा नॅशव्हिलचा नामांकित कार्यक्रम, जिथे गाणं हे तिकडच्या गवयाचं सवाई गंधर्व, तिथे यांना घ्यायला खुद्द बिल मन्रो यांचा विरोध होता, ज्यांच्या वाद्यवृंदात हे दोघे पूर्वी वाजवत. तेव्हा मार्था व्हाइटचे कोहेन विल्यम्स अडून बसले, यांना घेत नसाल तर आमच्या जाहिराती काढून घेतो म्हणून. १९५५ मध्येच दोघं ऑप्रीत गेले. गोणीखाली दबले म्हणे! गोणीवर उभे राहिले म्हणून लोकांना दिसले.

१९६२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये यांचा कार्यक्रम झाला. शहरी, तिकीट काढून आलेलं पब्लिक. त्यांनी ओरडून फर्माईश काय केली असेल? पिठाच्या जाहिरातीचं गाणं. ते वाजवलं गेलं आणि टाळ्याही पडल्या. पुढे कोलोरॅडोतल्या एका वाद्यवृंदाने स्वतःचं नावच ‘हॉट राइज’ ठेवलं. फुगवणाऱ्या पावडरीचं नाव! याला रसभंग म्हणायचं असेल तर असा रसभंग आमच्या नाट्यगृहातही व्हावा.

लेखात लुईस स्क्रग्ज यांचं नावही नाही. अर्ल यांची पत्नी. कार्यक्रम ठरवणं, करार, पैसे, सगळं ती बाई बघायची, तेही ज्या काळात त्या धंद्यात बायका नव्हत्याच त्या काळात. तिचं नाव घालायला जागा नव्हती, ‘गोणी’वर दोन परिच्छेद खर्चायला मात्र होती.

आणि पुरस्कर्त्यालाच नाक मुरडायचं तर मग नीट मुरडा. गायक पोर्टर वॅगनर यांचा टीव्ही कार्यक्रम घ्या. अंगावर झगमगीत भरतकामाचे सूट, १९६७ पासून शेजारी गायिका डॉली पार्टन, आणि पुरस्कर्ती कोण, तर चॅटानूगा मेडिसिन कंपनी, जिचं ‘ब्लॅक ड्राफ्ट’ म्हणजे पोट साफ होण्याचं औषध! प्रेमभंगाचं गाणं आणि पाठोपाठ रेचक. तरी लोक जेवणाच्या ताटावर बसून बघत होते. आपणही बिनाका गीतमाला ऐकलीच की. दात घासायची पेस्ट नावातच होती. तिच्यामुळे गाणी फेसाळली असं कोणी म्हटल्याचं ऐकलं नाही.

कालच्याच अंकाबद्दल थोडं. (विषय एकच आहे, म्हणून.) पहिलं पान उघडलं तर बातमी नाही, बिल्डरचा टॉवर. दुसरं पान, त्याच टॉवरचा पोहण्याचा तलाव. आपला मथळा तिसऱ्या पानावर सापडला, म्हणजे पेपर आपलाच आहे याची तिथे खात्री पटली. हेही चालेल, कागद महाग आहे, समजतं. पण गेल्या महिन्यात आपल्या आरोग्याच्या पानावर ‘गुडघेदुखीवर आजीबाईंचा उतारा’ असा लेख आला होता. मी तो विश्वासाने वाचला. तळाशी दिलेल्या नंबरावर फोन करून सव्वासातशे रुपयांचं तेल मागवलं. तेल संपलं, गुडघा आहे तसाच आहे. मग रद्दी घालताना चष्मा बदलून पाहिलं तर कोपऱ्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात ‘प्रायोजित’. फ्लॅट-स्क्रग्ज यांचे ते निवेदक कॅमेऱ्यासमोर उभे राहून सरळ सांगायचे की हे पीठ, ही कंपनी, तिच्याच पैशाने आम्ही इथे वाजवतोय. आपण तो शब्द एवढा बारीक का छापता, याचं उत्तर लेखकमहाशयांनी पुढच्या रविवारी द्यावं. त्यासाठी जागा लागली तर टॉवरची घ्या.

लेख लिहिणाऱ्यांचा अभ्यास नाही असं मी म्हणत नाही. गाण्यांबद्दलचा भाग चांगला होता. पण पिठात कधी हात घातला नसावा, एवढं कळतं.

आपली,
एक जुनी वाचक, सांगली

ता. क. : गेल्या शब्दकोड्याचं उत्तर कालच्या अंकात नव्हतं, त्याआधीच्या रविवारीही नव्हतं. आडवा १४, चार अक्षरी, ‘फुकटचा मोठेपणा’. ‘मिजासखोर’ बसत नाही, ‘बडेजाव’ घातला तर उभा ९ चुकतो. कृपया कळवावे.