बुवा, ध्रुवपद नव्या वीणेकऱ्याच्या पट्टीत धरलंत त्याबद्दल

राम कृष्ण हरी, बुवा.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर तुम्ही ते घडी घालून अभंगांच्या चोपडीत ठेवलं असतं आणि विषय तिथेच मिटवला असता. म्हणून चारचौघांत लिहितो आहे. वीणा उतरवायची, म्हणजे वीणेकऱ्याची जागा दुसऱ्याला द्यायची वेळ उद्या गावोगावच्या पुष्कळ मंडळींवर येणार आहे, त्यांनाही कळू दे कशी उतरवतात ते.

वीणेकऱ्याने, म्हणजे गळ्यात वीणा घेऊन भजनाला सूर देणाऱ्याने, बसायचं नसतं आणि वीणा खाली ठेवायची नसते. अखंड हरिनाम सप्ताहाचे सात दिवस, रात्रंदिवस भजनाचे दोन-दोन तासांचे ८४ पहारे, त्यात काकडा, हरिपाठ आणि कीर्तनाला मुख्य वीणा तुमच्याच गळ्यात. गुडघे बोलायला लागले तेव्हा तुम्ही स्वतःहून म्हणालात, "आता दुसरा बघा." कोणी सुचवायची वाट पाहिली नाहीत. पुढचं सगळं सोपं गेलं ते या एका वाक्यामुळे.

यापूर्वी हेच काम एका हातातून दुसऱ्या हातात गेलं तेव्हा काय शोभा झाली, ते गाव विसरलेलं नाही. वीणा आठवडेच्या आठवडे कुलपात. तारा उतरवून ठेवायचं सौजन्य नाही, पावसाळाभर ताण तसाच राहिला आणि भोपळ्याला जोडापाशी चीर गेली. पहाऱ्याची यादी "सापडत नव्हती". मंदिरात हरिपाठ चालू असताना ते गृहस्थ पारावर बसून आवाज कसा बसलाय ते लोकांना समजावत. हळूहळू एकादशी सुटली, वारीही सुटली. काल्याच्या दिवशी मात्र हार घ्यायला पहिल्या रांगेत! म्हणजे इतकी वर्षं उभे होते ते नेमके कोणासाठी, हा प्रश्न लोकांनी विचारला नाही, कारण आपली माणसं भिडस्त.

तुमच्याकडून मिळालेली वही मात्र जपून ठेवावी अशी आहे. मध्यरात्रीनंतरच्या पहाऱ्याला दोन म्हातारी माणसं एकत्र लावू नयेत. सप्ताहात एकादशी आली तर उपवासकऱ्यांचा रात्रीचा पहारा एक तासाचा करावा. २ ते ४च्या पहाऱ्याला राखीव माणूस मंदिरातच झोपवावा, घरून उठवून आणू नये, कारण घरचा माणूस उठतो आणि पुन्हा कलंडतो. मृदंगाच्या धुमेची (डाव्या तोंडाची) कणीक उन्हाळ्यात लवकर वाळते, तेव्हा ओलं फडकं जवळ असावं. वीणेची खुंटी घसरायला लागली तर तिच्यावर खडू फिरवावा, ठोकून बसवायला जाऊ नये. यातली एकेक ओळ कोणत्या ना कोणत्या फजितीतून आलेली आहे, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही.

वीणा द्यायचं तंत्रही तुम्ही, ज्याच्या गळ्यात आता वीणा आली त्या पोराकडून घोटून घेतलंत. बहुतेक लोक आधी पाया पडतात, मग वीणा काढतात, आणि तेवढ्यात नाद तुटतो. तुमचं म्हणणं, देणाऱ्याचं बोट तारेवरून हलता कामा नये. घेणाऱ्याने पट्ट्यात मान घालावी, डावा हात दांडीला लावावा, उजव्याचं बोट तारेवर आणावं. दोन्ही बोटं क्षणभर एकत्र वाजली पाहिजेत. मगच जुन्याने हात काढायचा आणि मग एकमेकांच्या पाया पडायचं. पट्टा ज्याच्या त्याच्या उंचीला आधी बसवून ठेवायचा. भोपळा कमरेशी टेकला पाहिजे, लांब राहिला की मांडीवर आदळतो आणि माणसाचं चित्त नामावरून भोपळ्यावर येतं.

पण आभार मानायचे ते याचे नाहीत. वही दुसराही देऊ शकला असता.

तुमचा गळा काळी चारचा, म्हणजे पेटीवरची चौथी काळी ही तुमची गायची पट्टी. मंडळातल्या टाळकऱ्यांच्या कानात वर्षानुवर्षं तोच स्वर बसलेला. त्या पोराचा गळा पांढरी चारचा, म्हणजे दीड स्वर खाली. वीणा तुमच्या पट्टीत लावलेली राहिली असती तर त्याला पहिल्याच अभंगात ओरडावं लागलं असतं. जुनी तार नुसती सैल केली की ती खरखरते. म्हणून तुम्ही थोडी जाड तार चढवलीत, तीही दोन दिवस आधी, कारण नवी तार सुरुवातीला उतरतच राहते. त्याने उभं राहायच्या आत वीणा त्याची झाली होती.

तरी व्हायचं ते झालंच. त्याने पहिला चरण म्हटला आणि ध्रुवपद, म्हणजे फिरून फिरून म्हणायची ओळ, घेताना टाळकरी सवयीने वर ओढायला लागले. यात कोणाची खोडी नव्हती, गळ्यांना वळणच तसं पडलेलं. अशा वेळी नवा माणूस दोनपैकी एक करतो. एक तर सगळ्यांच्या मागे वर जातो आणि तिसऱ्या कडव्याला फाटतो, नाहीतर गप्प होतो. आणि मंडळींच्या नजरा मागे वळतात, जुन्या बुवांकडे.

तुम्ही शेवटच्या ओळीत होतात, खांबाला टेकून, हातात टाळ. तुम्ही ध्रुवपद धरलंत ते पांढरी चारला. उंच गळ्याच्या माणसाला एवढ्या खाली गाताना आवाजात बळ राहत नाही, सूर मऊ आणि बसका लागतो. ज्या माणसाचा आवाज वेशीपर्यंत ऐकू जायचा, तो भर मंडळात बसक्या आवाजात गायला. दुसऱ्या आवर्तनाला बाजूचे चार टाळकरी तुमच्या सुरावर आले, तिसऱ्याला अख्खं मंडळ. त्या पोराने मान वर केली. बस, एवढंच.

याबद्दल हे पत्र.

चुका तुम्ही त्याला नंतरही सांगितल्यात, पण काकडा झाल्यावर, एकट्याला, तेही त्याने विचारल्यावर. कोणी जुन्या सवयीने तुमच्याकडे पुढच्या अभंगाचं विचारायला आलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "वीणेकऱ्यांना विचारा." तुमच्या पाया पडायला आलेल्यांना बोटाने वीणा दाखवायचात. हरिपाठाची वेळ मात्र एका मिनिटाने बदलली नाहीत. पद गेलं की पहिल्यांदा वेळ सुटते, मग एकादशी, मग गळ्यातली माळ खुंटीवर जाते, हे आपण मघाच्या त्या गृहस्थांत पाहिलंच. माळ तुम्ही स्वतः घातलेली, वीणा मंडळाने दिलेली. मंडळाची वस्तू मंडळाला परत गेली, एवढ्यात वारकरीपण का जावं?

आणि गाऱ्हाणं असेलच तर त्याचीही सोय परंपरेने करून ठेवली आहे. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या (सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीच्या) वेळी चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतात, सगळे टाळ थांबतात, आणि ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. तक्रार तिथेच ऐकली जाते. सगळ्यांसमोर वाजवून सांगायची मुभा आहे, रुसून घरी बसायची नाही. पारावर बसणाऱ्यांनी हे वाचलं तर बरं.

हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरची सरदारकी सोडून आळंदीला राहिले, पालखी सोहळ्याला शिस्त लावली, आणि महाद्वारात त्यांच्या नावाने उरली ती पायरी. कार्तिकातला संजीवन समाधी सोहळा त्या पायरीच्या पूजनाने सुरू होतो. पंढरीला नामदेवांचीही पायरीच. मोठ्या माणसांनी जागा मागितली ती अशी. तुमची तुलना त्यांच्याशी केलेली तुम्हाला रुचणार नाही, म्हणून एवढ्यावर थांबतो. पण साधा भलेपणा कुठून येतो म्हणून कोणी विचारलं तर बोट तिकडेच दाखवावं लागतं.

आता कामाचं. यंदाची यादी लागली आहे. "माणूस मिळत नसेल तो पहारा मला द्या" असं तुम्ही सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे चौथ्या रात्रीचा २ ते ४ तुमच्या नावावर टाळकरी म्हणून लिहिला आहे. रात्रीचं भजन बैठं असतं, टाळकऱ्याला बसायला हरकत नाही, तेव्हा गुडघ्याचं कारण चालणार नाही. वीणेवर तोच पोरगा आहे. टाळाच्या दोऱ्या झिजल्या असतील तर आधी कळवा, नव्या सुती दोऱ्या आणून ठेवतो. आणि हो, वहीत राखीव तारा किती ठेवायच्या ते लिहायचं राहिलं आहे, तेवढं सांगा.

आपला,
मंडळातला एक टाळकरी