आग रामेश्वरी

पुणे,
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू म्हणालास, "फोटो पाठव, भाषण नको." फोटो पाठवलेत. दोन प्रिंट आजच कुरियरने निघाल्या. पण भाषणातून तुझी सुटका नाही. पाकीट उघडायच्या आधी हे वाच. तू ऐकणार नाहीस म्हणा.

आईला काशी-रामेश्वर करायचं होतं, हे तुला ठाऊकच आहे. म्हणजे सेतूची वाळू न्यायची, ती प्रयागला गंगेत सोडायची, आणि तिथलं गंगेचं पाणी आणून परत रामेश्वराला घालायचं. म्हणजे रामेश्वरच्याच दोन फेऱ्या. त्यातली पहिली या महिन्यात झाली. मदुराईहून टॅक्सी केली होती. पांबनच्या पुलावर ड्रायव्हरने आपण होऊन गाडी बाजूला घेतली. खाली रेल्वेचे दोन पूल शेजारी शेजारी: एक १९१४ चा, आता निवृत्त झालेला, आणि दुसरा यंदा एप्रिलमध्ये सुरू झालेला. आईने दोन्ही हात जोडले आणि विचारलं, "हाच का रे सेतू?" मी हो म्हणून टाकलं. वाऱ्यात समजावत कोण बसणार!

देवळातल्या बावीस तीर्थांचं स्नान म्हणजे अंगावर बावीस वेळा विहिरीचं पाणी. कॅमेरा अर्थातच लॉजवर. त्याच दुपारी धनुष्कोडीला गेलो. वीसेक किलोमीटर, दोन्हीकडे समुद्र आणि मधून सरळ रस्ता. आपल्याकडे पाऊस संपला की त्यांच्याकडे सुरू होतो, त्यामुळे आभाळ भरून आलेलं. आई वाळू भरत होती, लोणच्याच्या बरणीत, आणि मी तिथल्या पडक्या चर्चकडे बघत उभा होतो.

तिथली गोष्ट तुला थोडक्यात सांगतो. हे चांगलं नांदतं गाव होतं. मद्रासहून बोट मेल नावाची आगगाडी यायची, इथे उतरायचं, स्टीमरने तलैमन्नारला जायचं, तिथून पुन्हा रेल्वेने कोलंबो. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आलं. पांबनहून निघालेली ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीच्या जवळ आली असताना शंभरावर माणसांसकट पाण्याखाली गेली. गाव संपलं. सरकारने राहण्यास अयोग्य म्हणून जाहीर केलं. उरलं ते छप्पर उडालेलं चर्च, स्टेशनचे काही खांब, पाण्याची टाकी. आणि कोळी, जे जाहीरनाम्याला न जुमानता झोपड्या बांधून अजून तिथेच आहेत.

दुपारी काढलेले पन्नासएक फोटो रात्री बघितले आणि पुसून टाकले. सगळ्यांत माणसं, पोज देणारी जोडपी, शंखांच्या माळा. शिवाय उन्हाची एक तिरीप नेमकी भिंतीवर आली होती आणि सगळं लग्नाच्या अल्बमसारखं गोड दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच रिक्षाने गेलो. रिक्षावाला मोडक्या हिंदीत सांगत होता, एक समुद्र 'आण कडल', म्हणजे पुरुष, आणि दुसरा 'पेण कडल', म्हणजे बाई. पेण म्हटल्यावर मला आधी गणपतीच आठवले. उत्तरेचा समुद्र शांत म्हणून तो बाई. पण नोव्हेंबरात वारा ईशान्येचा, त्यामुळे त्या दिवशी बाईच जास्त खवळलेली होती आणि दक्षिणेकडचे बुवा गप्प पडून होते. रिक्षावाला म्हणाला, त्याच्या घरीही तसंच.

आता मुद्द्याचं. आधी २० मिलिमीटरने सुरुवात केली, कारण इमारत मोठी तर लेन्स वाइड, असं डोक्यात बसलंय. चर्च काडेपेटीएवढं झालं आणि खाली नुसती वाळूच वाळू. पुढे सरकलो तर भिंती मागे कलल्या. शेवटी ३५ लावली आणि पायांनी मागे गेलो. रात्री पाऊस झाला होता, कमानीसमोर एक डबकं साचलं होतं. कॅमेरा गुडघ्याएवढा खाली आणला तेव्हा कमान त्यात उलटी उतरली. मग हातभर डावीकडे झालो, आणि भिंतीच्या फटीतून समुद्राची जस्ताच्या रंगाची पट्टी दिसली. एवढ्याशा पट्टीसाठी पाऊण तास गेला. पट्टी नसती तर ते कुठलंही पडकं चर्च झालं असतं. आपल्या रेवदंड्यात काय पडक्या भिंती कमी आहेत?

समुद्र आणि ढग मऊ करायला सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळी काच, लावला. एफ ११, शटर वीस सेकंद उघडं. पहिल्या तीन फ्रेममध्ये प्रत्येक दगडाला दोन कडा. वीस सेकंदांत ट्रायपॉड वाळूत रुतत होता! मग पाय दाबून दाबून घट्ट होईपर्यंत खुपसले आणि मधल्या हुकाला बॅग टांगली. दर दोन फ्रेमनंतर लेन्स पुसायची, कारण खारट तुषार बसून सगळं आपोआप 'मूडी' होत होतं.

भिंतीजवळ गेलो तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. हे चर्च प्रवाळाच्या दगडाचं आहे. बोट फिरवलं तर नागमोडी रेघांचा एक गोल, अक्रोडाच्या गरासारखा. त्याच्या शेजारी मधाच्या पोळ्यासारखी भोकं. मधे चुना. समुद्रातून काढलेल्या दगडांचं घर, समुद्रानेच मोडलेलं. मी दोन मिनिटं काही केलं नाही. मग एका बाईने पाठीमागून खराटा आपटला. चर्चला लागूनच तिचं शंखांचं दुकान, वर निळी ताडपत्री. मी तिच्या झाडायच्या जागेत उभा होतो.

घरी आलो आणि चार रात्री लाइटरूममध्ये, त्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये, घालवल्या. आभाळ खाली ओढलं. धुरकटपणा काढणारं डिहेझ वाढवलं, क्लॅरिटी वाढवली, कडांना काळपट व्हिनेट. ढग असे झाले की आता विजा पडणार. भिंत काळीकुट्ट. आणि काय सांगू, फोटो उदास होईचना. भीतिदायक झाला, भारी झाला, एखाद्या भुताच्या सिनेमाचं पोस्टर झाला. मी आणखी आभाळावर काम करत राहिलो. नवा मास्क, नवा कर्व्ह.

ताडपत्रीचं तर विचारूच नकोस. निळी म्हणजे कसली निळी, सगळ्या राखाडीत एकटी बोंबलत होती. एआयवालं रिमूव्ह वापरलं. दोन सेकंदांत ताडपत्री गेली, बाई गेली, आणि त्या जागी भिंत आली. छान भिंत! मोठी करून बघितली तर त्यात एक खिडकी. अरे, तिथे खिडकी नाहीच. खाली वाळूवर बांबूची सावली मात्र तशीच, बांबू नसताना.

चौथ्या रात्री हसू यायला लागलं आणि तुझी आठवण झाली. सदाशिव पेठेतलं तुमचं न्हाणीघर, तांबडा दिवा, कमोडच्या झाकणावर एन्लार्जर. मी हरिश्चंद्रगडाची प्रिंट काढली होती, तू ती चिमट्याने ट्रेमधून उचललीस आणि म्हणालास, "हा फोटो आहे का कोळशाची वखार?" तेव्हा तू मला अॅन्सेल अॅडम्स या फोटोग्राफरचे झोन शिकवत होतास, पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा, आणि माझं सगळं शून्य-एकमध्ये. तीस वर्षांनी, सॉफ्टवेअर बदललं तरी वखार तीच.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! शब्दशः. बिघाड भिंतीत होता आणि मी आभाळावर पाणी मारत बसलो होतो.

सगळं रिसेट केलं. आभाळाला हात लावला नाही, फक्त हायलाइट्स थोडे खाली. सगळा वेळ भिंतीला दिला. शॅडोज उचलल्या, कॉन्ट्रास्ट कमी केला, क्लॅरिटी काढून फक्त टेक्श्चर, तेही दहाच. भिंत तिसऱ्या-चौथ्या झोनमध्ये आली आणि ते प्रवाळाचे गोल हळूहळू वर आले, डेव्हलपरमध्ये कागदावर चित्र यायचं ना, तसे. डबक्यातली कमान वरच्या कमानीपेक्षा किंचित गडद ठेवली, कारण पाण्यातलं प्रतिबिंब खऱ्या वस्तूपेक्षा उजळ झालं की डोळा लगेच पकडतो. पांढरं कुठेच पूर्ण पांढरं नाही, काळं कुठेच पूर्ण काळं नाही. फोटो फिका वाटतो पहिल्यांदा. थोडा वेळ समोर ठेव.

ताडपत्री ठेवली. निळ्याचं सॅच्युरेशन तेवढं उतरवलं, आता ती ओल्या गोधडीसारखी दिसते. ही लबाडी आहे का? तू ठरव. बाईही आहे. वीस सेकंद ती झाडत होती, त्यामुळे माणूस म्हणून उरलीच नाही, जमिनीलगत धुराचा एक झोत आहे आणि त्याच्या टोकाशी स्वच्छ, स्थिर उमटलेलं एक पाऊल. झाडताना तो पाय तिने हलवला नसणार. आधी ते मी डाग समजून पुसलं होतं.

पाकिटात दोन्ही आहेत, वखार आणि हे. मागे काही लिहिलेलं नाही. मॅट कागद आहे, बोटं लावू नकोस, आणि ट्यूबलाइटखाली बघू नकोस, खिडकीशी बस. काकूंनाही दाखव. त्यांना बहुतेक वखारच आवडेल, त्यांचं मी मनावर घेणार नाही. तुझं घेईन.

फेब्रुवारीत प्रयागला जायचंय. बरणी फ्रीजवर ठेवली आहे, झाकणाला दोरा बांधून. ट्रायपॉडच्या सांध्यांत गेलेली वाळू काही केल्या निघत नाही, पाय उघडताना करकरतात. काल जुन्या टूथब्रशने घासून वर्तमानपत्रावर चमचाभर काढली आणि टाकून द्यायला निघालो, तर आईने कागद हातातून घेतला. म्हणाली, "तीही तिथलीच ना?" आणि दोरा सोडून बरणीत ओतली.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. लोभ आहेच.

तुझा,
नंदू