‘एकत्र कुटुंब मोडले’ हे कोणी मोजले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कला शाखेचे प्रवेश सुरू झाले की ‘दुसरं काही मिळालं नाही तर समाजशास्त्र घे’ हा सल्ला बडोद्यात हमखास ऐकू येतो. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५१ ते १९५९ या काळात ज्या गावातल्या विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा केला, तिथे तो जास्तच खटकतो. पण दोष पालकांना देऊन चालणार नाही. बी. ए. होईपर्यंत विद्यार्थ्याने दुर्खीम आणि वेबर हे समाजशास्त्राचे आद्य विचारवंत पाठ केलेले असतात, घर मात्र एकही नीट मोजलेले नसते.

‘शहरीकरणामुळे एकत्र कुटुंब मोडले’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत दरवर्षी येते. याच विभागात शिकवलेल्या आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा गावाच्या अभ्यासात (१९६४) दाखवले, की चुली वेगळ्या असूनही मिळकत आणि जबाबदाऱ्या एकत्र असू शकतात. पुढे समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहांनी घर आणि कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला शिकवले. जनगणना एक सामायिक स्वयंपाकघर म्हणजे एक घर धरते, त्यामुळे एका छताखालच्या दोन चुली तिथे दोन घरे ठरतात. बडोद्याच्या कारेलीबाग आणि मांजलपूर या भागांत राहणाऱ्या दोन भावांचा गणपती रावपुऱ्याच्या जुन्या घरीच बसत असेल, तर ते कुटुंब मोडले की नाही? हे गाइडमध्ये सापडत नाही.

म्हणून दुसऱ्याच सेमिस्टरला प्रत्येकाने ३० घरांची पाहणी करावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला गूगल फॉर्म नको. त्यात विद्यार्थ्याचे मित्रच उत्तरे देतात आणि वर्गाचीच पाहणी होते. एक पोळ, म्हणजे जुन्या शहरातली दाट घरांची गल्ली, निवडावी. पहिल्या दिवशी कोणाला काही न विचारता फक्त नकाशा काढावा: दारे, मजले, कुलपे. दारे ९० निघाली तर दर तिसरे घ्यावे. कुलूप दिसले म्हणून शेजारच्या घरात शिरणे ही सर्वांत महाग चूक. दुपारी बंद असते ते नवराबायको दोघेही नोकरीला जाणारे घर. ते गळले की म्हातारी माणसे असलेली मोठी घरे आपोआप वाढतात. संध्याकाळी, रविवारी, असे तीनदा जावे. तरीही दार बंदच राहिले, तर तशी नोंद करावी.

‘तुम्ही एकत्र राहता का?’ असे विचारूच नये, कारण ‘हो’ म्हणण्यात प्रतिष्ठा असते. काल रात्री इथे कोण कोण जेवले, कोण झोपले, लाइटबिल कोण भरते, बाहेरगावाहून पैसे कोण पाठवते, हे विचारावे. लग्नांची आणि वाटणीची सालेही घ्यावीत. आईवडील वारले, भाऊ वेगळे झाले आणि घर लहान झाले, असे पूर्वीही होत होते. त्याला लगेच ‘बदल’ म्हणता येत नाही.

वंशावळ तीन पिढ्यांची काढावी: पुरुष त्रिकोण, स्त्री वर्तुळ, लग्नाला बरोबरचे चिन्ह, मृताला तिरकी रेघ. नाते घरच्यांच्याच शब्दात लिहावे. ‘कझिन’ लिहिले की चुलत, आते, मामे, मावस सगळे एकाच खड्ड्यात जातात.

आकड्यांचा मोह आवरावा. ३० घरांत एक घर म्हणजेच ३.३ टक्के, तेव्हा ‘६३.३३ टक्के’ हा निव्वळ दिखावा. ‘३० पैकी १९’ पुरे. आणि हे निष्कर्ष त्या पोळीचे, बडोद्याचे नव्हेत.

वेळेचे म्हणाल तर घरामागे ४० मिनिटे, म्हणजे एकूण २० तास. रोज संध्याकाळी दोनच घरे करावीत आणि टिपणे त्याच रात्री पूर्ण करावीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चार वर्षांच्या आराखड्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आहे खरा, पण तो चौथ्या वर्षी, आणि पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांनाच. बाकीच्यांनी काय करायचे?

महाविद्यालयांनी एवढे तरी करावे: लेटरहेडवर गुजरातीत परिचयपत्र द्यावे, नाहीतर मुलांना विक्रेते समजून दारातूनच परत पाठवतात. आणि पहिल्या दोन घरी अध्यापकांनी सोबत जावे.

आपले,
समाजशास्त्राचे दोन निवृत्त अध्यापक
दांडिया बाजार, बडोदे