मोहावरचा निबंध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी धडगाव तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे, समाजाने पावरा. माझी मुलगी आठवीत शिकते. शाळेत ‘माझे आवडते झाड’ हा निबंध होता. तिने मोह निवडला आणि मोबाइलवरच्या एआयला विचारलं. उत्तर आलं सुबक मराठीत. पण दुसऱ्याच ओळीत दारू, पुढे व्यसन आणि शेवटी आदिवासींमध्ये जनजागृतीची गरज! पोरीने वही मिटली. दुसऱ्या दिवशी आंब्यावर लिहून नेलं.

चैतात आम्ही अंधार असतानाच टोपल्या घेऊन मोहाखाली जातो. उशीर झाला तर शेळ्या आधी पोचतात. फुलं अंगणात वाळली की मनुक्यासारखी दिसतात, पावसाळ्यात भाजून खातो. बियांचं तेल निघतं. दारूही गाळतात, आमच्या देवीला, याहा मोगीला धार तिचीच लागते. दारूपायी मोडलेले संसारही मी पाहिलेत, ते कशाला लपवू? पण मोह म्हणजे एवढंच, हे ठरवलं कुणी?

एआय लिहिलेलं वाचून शिकतं. आमच्याविषयी लिहिलं ते बहुतेक साहेबांनी. 1880 चं खानदेश गॅझेटियर इंटरनेटवर सापडतं, माझ्या आजीचं बोलणं कुठे सापडणार? 2011 च्या जनगणनेत भिली बोलणारे 1 कोटी 4 लाख, आमची पावरी त्यातच धरलेली; तरी राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, आठव्या अनुसूचीत, भिली नाही. 2025 मध्ये सरकारने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं अ‍ॅप आणलं, त्यात भिली आहे, पण मध्य प्रदेशातली. बरं वाटलं. मात्र हेच उत्तर उद्या पावरीत आलं, तर पोरीला जास्तच टोचेल.

कुठलं उत्तर चांगलं, हे एआयला माणसंच गुण देऊन शिकवतात म्हणे. मग त्यात आमच्या पाड्यावरच्या बायका का नकोत? रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला आदिवासी भागासाठीच्या 1996 च्या पेसा कायद्यानेच दिलाय. असली अ‍ॅप्स आश्रमशाळेत देण्याआधी त्यांची उत्तरं ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. खोटं कुठे, अर्धवट कुठे, बायका तिथल्या तिथे सांगतील. दिवसाची मजुरी तेवढी द्या. आणि मोहाच्या दिवसांत सभा ठेवू नका, तेव्हा घरी कुणी भेटणार नाही.

– एक अंगणवाडी सेविका, ता. धडगाव, जि. नंदुरबार